‘नी हाउ’ म्हणून झाल्यावर पुढे काय बोलावे?

पत्राचा सारांश : मूळच्या सांगलीच्या, ३८ वर्षांच्या एक वाचक भगिनी पतीच्या नोकरीनिमित्त आठ महिन्यांपासून चीनमधील सुझौ शहरात राहत आहेत. मुक्काम एकूण दोन वर्षांचा आहे. मोबाइलवरील एका ॲपमधून त्यांनी अभिवादनाचे दहा-बारा शब्द पाठ केले आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या वयस्कर बाईंना व फाटकावरील रखवालदाराला रोज ‘नी हाउ’, म्हणजे ‘नमस्कार’, म्हणण्यास सुरुवात केली. बाई लिफ्टचे दार धरून थांबतात, हसतात आणि काहीतरी विचारतात. ते समजत नाही म्हणून या मान खाली घालून गप्प राहतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने एकदा अर्थ सांगितला. बाईंनी एके दिवशी ‘कुठे निघालीस?’ आणि दुसऱ्या दिवशी ‘जेवलीस का?’ असे विचारले होते. तेव्हापासून आपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवून आहे, असे त्यांना वाटू लागले आहे. रात्री आठ वाजता रखवालदाराला ‘वान आन’, म्हणजे ‘शुभ रात्री’, म्हटले, तर तो गोंधळून पाहत राहिला. मुलगी आईच्या उच्चारांना हसते. ‘शिकायचे तर परीक्षा देण्याइतके शिकावे, नाहीतर हा अर्धवट प्रकार सोडून द्यावा. दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप करावा का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात. त्या बाई लिफ्टचे दार धरून थांबतात. ज्याला पाळत ठेवायची असते तो दार धरून ठेवत नाही. तेव्हा शब्दांकडे वळण्यापूर्वी त्या दोन प्रश्नांकडे आपण पुन्हा एकदा पाहू.

सांगलीत तुम्ही पिशवी घेऊन घराबाहेर पडलात आणि समोरच्या काकूंनी ओट्यावरून विचारले, ‘काय, कुठे निघालात?’, तर तुम्ही काय उत्तर देत होतात? ‘जरा बाजारात जाऊन येते’, एवढेच. काकूंना बाजारातल्या खरेदीची यादी नको असे आणि तुम्हीही ती दिली नसेल. तुम्हाला पाहिले, ओळखले, तुमची दखल घेतली, एवढेच त्या प्रश्नातून सांगायचे असते. ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाचेही तसेच आहे. तो विचारणारा प्रत्येक जण ताट वाढायला बसलेला नसतो. चिनी भाषेतील ‘छ ल मा?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ आणि ‘छ्यू ना-ली?’ म्हणजे ‘कुठे निघालीस?’ हे याच जातीचे प्रश्न आहेत. आपल्या घरी जे मायेचे वाटत होते तेच परक्या भाषेत ऐकू आल्यावर चौकशीसारखे वाटले. यात तुमचा दोष नाही, कारण ॲपने तुम्हाला अभिवादन म्हणजे ‘नमस्कार’ या शब्दाचा चिनी पर्याय असे शिकवले आणि बाई मात्र अभिवादनाची दुसरी, अधिक जवळिकीची रीत वापरत होत्या.

मी चार वर्षे नानजिंगमध्ये राहिले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई पहाटेपासून बांबूच्या चाळण्यांत वाफवलेले बाओझ, म्हणजे सारण भरलेले गोळे, विकत असत. वाफेने त्यांचा चेहरा अर्धा झाकलेला असे, हात पिशव्या भरण्यात गुंतलेले असत, आणि तरीही समोरून जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला त्या एक वाक्य बोलत. दप्तर घेतलेल्या मुलाला ‘शाळेत निघालास?’, कार्यालयाच्या वाटेवरच्या माणसाला ‘शाङ-पान आ?’ म्हणजे ‘कामावर का?’, आणि भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या मला ‘ह्वे-लाय ला?’ म्हणजे ‘आलीस का परत?’ जे डोळ्यांना दिसत आहे तेच त्या विचारत असत. उत्तरादाखल लोक नुसते ‘आय्’ असा हुंकार देत आणि पुढे जात. त्या चार वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘नी हाउ’ म्हटल्याचे आठवत नाही. पहिल्या आठवड्यात मला ते खटकले होते, पुढे लक्षात आले की ‘नी हाउ’ न म्हणणे हीच ओळख पटल्याची खूण होती. हा शब्द चुकीचा मुळीच नाही. प्रथम भेटीत, दुकानात, कार्यालयात, अनोळखी माणसाशी बोलताना तो योग्यच आहे, आणि वडीलधाऱ्यांसाठी ‘नीन हाउ’ हे आदरार्थी रूप त्याहून चांगले. परंतु आठ महिने रोज भेटणाऱ्या शेजारणीला तोच शब्द म्हणत राहणे म्हणजे वाड्यातल्या काकूंना रोज ‘नमस्कार, आपली भेट झाली, आनंद वाटला’ म्हणण्यासारखे आहे.

मग काय म्हणावे? सर्वांत आधी त्या दोन प्रश्नांची उत्तरे शिकून घ्या, कारण तुम्हाला अडवून धरणारी गोष्ट तीच आहे. ‘छ ल मा?’ला ‘छ ल, नीन न?’ म्हणजे ‘जेवले, आणि तुम्ही?’ हे उत्तर पुरते. प्रत्यक्षात जेवला नसलात तरी त्यावाचून काही बिघडत नाही, आणि खरेच सांगायचे असेल तर ‘हाय मेइ’, म्हणजे ‘अजून नाही’, म्हणता येते. ‘कुठे निघालीस?’ला ‘छू-छ्यू ई-श्या’, म्हणजे ‘जरा बाहेर जाऊन येते’, हे आपल्या उत्तराचेच जुळे भावंड आहे. त्यात काहीही सांगावे लागत नाही आणि कोणी दुखावतही नाही. मुलीला शाळेतून आणायला जात असाल तर ‘च्ये हाय-च’, भाजीला जात असाल तर ‘माय छाय’. हळूहळू स्वतःही अशी वाक्ये वापरू लागा. बाईंच्या हातात भाजी दिसली तर ‘माय छाय ह्वे-लाय ला?’ असे विचारून पाहा. सकाळच्या वेळी नुसते ‘चाउ’ पुरते, आणि तरुण शेजाऱ्यांना तर तेच अधिक जवळचे वाटेल, कारण जेवणाची विचारपूस ही मुख्यतः थोरल्या पिढीची आणि जेवणाच्या आगेमागेची रीत राहिली आहे.

‘वान आन’बद्दलही सांगते. हे शब्द झोपायला जाताना, घरातल्या घरात किंवा फोन ठेवताना म्हणतात. रखवालदाराची तर रात्रपाळी नुकतीच सुरू झाली असेल, म्हणून तो गोंधळला. रात्री आठ वाजता त्याला ‘शिन-खू ल’ म्हणा. या शब्दांचा अर्थ ‘फार कष्ट पडतात तुम्हाला’ असा आहे आणि काम करणाऱ्या माणसाची जाण ठेवून ते बोलले जातात. घरपोच सामान आणून देणारा मुलगा पाच मजले चढून आला असेल, कोणी पाण्याचा नळ दुरुस्त करून दिला असेल, तिथे कोरड्या आभारापेक्षा हे शब्द अधिक जवळचे वाटतात. काही मदत मागायची असेल तर सुरुवात ‘मा-फान नीन’, म्हणजे ‘जरा तुम्हाला त्रास देते’, अशी करावी. पाहुणा निघाला की यजमान ‘मान चौ’ म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘सावकाश जा’. सांगलीतही उंबऱ्यापर्यंत येऊन आपण हेच म्हणतो. आपल्याला या भाषेची सवय आधीपासून आहे, फक्त तिचे ध्वनी निराळे आहेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. चिनी शेजारात माणसाला त्याच्या नात्याने हाक मारणे हेच पुष्कळदा पूर्ण अभिवादन असते. वयाने आईच्या बरोबरीच्या बाईंना ‘आ-यी’ म्हणतात. मूळ अर्थ मावशी. पहिल्या अक्षराचा स्वर, म्हणजे आवाजाची पट्टी, उंच आणि स्थिर, दुसऱ्याचा वर चढणारा. मराठी कानाला तो ‘आई’सारखाच ऐकू येतो आणि तुमच्या ओठांवर तो सहज बसेल. बाई आणखी वृद्ध असतील तर ‘नाय-नाय’, म्हणजे आजी. तुमच्याहून थोड्याच मोठ्या असतील तर ‘आ-यी’ म्हणू नका, ‘ता-च्ये’, म्हणजे ताई, म्हणा. वय वाढवलेले तिथेही कोणाला आवडत नाही. रखवालदार, टॅक्सीचालक, कारागीर यांना ‘ष-फु’, म्हणजे जाणता कारागीर, या अर्थाने हाक मारतात. मुलगी बरोबर असेल तर तिच्या नात्याने बोलावे, जसे आपण मुलासमोर स्वतःच्या सासूलाही ‘आजी’ म्हणतो. तुमची मुलगी शेजारात रुळली असेल, तर तुम्हालाही तिथे कोणीतरी एव्हाना ‘अमकीची मामा’, म्हणजे ‘अमकीची आई’, म्हणत असेल. नीट कान देऊन ऐका. एक शब्द मात्र टाळा : जुन्या पुस्तकांत तरुण स्त्रीसाठी दिलेला ‘श्याउ-च्ये’ हा शब्द आडनावाशिवाय वापरला तर आज मुख्य भूमीवर अनेक ठिकाणी त्याला वाईट अर्थ चिकटतो.

उच्चारांविषयी तुम्ही जी भीती व्यक्त केली आहे ती खरी आहे, पण ती मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. तुम्ही चिनी शब्द रोमन अक्षरांतून, म्हणजे इंग्रजीच्या चष्म्यातून वाचत आहात. पिनयिन ही लेखनपद्धत चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर केली. ती चिनी लोकांनी आपली भाषा शिकावी म्हणून तयार केली होती, इंग्रजी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे. तिच्यातील बी, डी, जी ही अक्षरे ब, ड, ग यांसाठी नसून जवळजवळ आपल्या प, त, क यांसाठी आहेत, आणि पी, टी, के ही फ, थ, ख यांसाठी. यातला फ ओठ मिटून, ‘फळ’ शब्दात जुनी माणसे उच्चारत तसा. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्‌महिने सापडत नाही, तुम्ही मात्र तो बाराखडीबरोबर शिकलेल्या आहात. याहूनही मोठी देणगी म्हणजे मराठीतले दोन च. ‘पुन्हा भेटू’ याला चिनीत ‘चाय-च्येन’ म्हणतात. त्यातला पहिला च ‘चोर’ शब्दातला आणि दुसरा ‘चिमणी’तला. ॲपमध्ये झेड आणि जे ही अक्षरे पाहून तुम्ही ‘झाय-जिएन’ म्हणत असाल, तर मुलगी हसते ती याच ठिकाणी. कोणी आभार मानले तर उत्तरादाखल ‘पू ख-छि’, ‘माफ करा’ला ‘त्वेइ-पु-छी’, आभाराला ‘श्ये-श्ये’, आणि त्यातला दुसरा ‘श्ये’ हलका, चटकन सोडून दिलेला. ‘छ ल मा’मधला छ जरा अवघड आहे. जीभ ट म्हणताना जिथे मागे वळते तिथे नेऊन तो छ म्हणायचा. ‘ष-फु’तला ष मात्र आपल्या वर्णमालेत पोटफोड्या ष म्हणून जागच्या जागी आहे, आपणच त्याचा मूर्धन्य उच्चार विसरत चाललो आहोत.

स्वर चार आहेत, आणि पाचवा हलका, स्वर नसल्यासारखा. पहिला वरच्या पट्टीत लावून तसाच धरलेला. दुसरा, ऐकू न आल्यावर आपण ‘काय?’ विचारतो तसा वर जाणारा. तिसरा खाली घशाशी बसलेला. चौथा, एखाद्याला ‘बस!’ म्हणून थांबवतो तसा तोडून खाली आणलेला. आता ‘नी हाउ’ पाहा. दोन्ही अक्षरे लिहिताना तिसऱ्या स्वराची आहेत, परंतु दोन तिसरे स्वर लागोपाठ आले की बोलताना त्यांतला आधीचा दुसऱ्या स्वरात बदलतो. म्हणून ‘नी’ वर जातो आणि ‘हाउ’ खाली बसतो. दोन्ही अक्षरे ओढून-ताणून खाली-वर करणारे नवशिके मी पुष्कळ पाहिले आहेत; ॲप हा बदल लिहून दाखवत नसल्यामुळे त्यांचा गैरसमज होतो.

आणि तरीही स्वर चुकला म्हणून बोलणे थांबवू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने स्थानकाच्या खिडकीपाशी ‘छिङ वन’, म्हणजे ‘जरा विचारू का’, असे म्हणताना शेवटचा स्वर तिसरा लावला. चौथ्या स्वरात ‘वन’चा अर्थ विचारणे, तिसऱ्यात चुंबन घेणे. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने तिच्या हातातले तिकीट पाहिले आणि फलाट क्रमांक सांगितला. प्रसंग, हावभाव, हातातली वस्तू हे सगळे तुमच्या वतीने बोलत असतात, आणि अभिवादनाच्या बाबतीत तर ते सर्वांत अधिक बोलतात, कारण लिफ्टमध्ये सकाळी आठ वाजता शेजारीण काय म्हणणार याचा अंदाज समोरच्याला आधीच असतो.

बाईंच्या हसण्याबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की चिनी समाजात परदेशी माणसाच्या तोंडून आपली भाषा ऐकण्याचे नवल अजून ओसरलेले नाही. एका ‘नी हाउ’वर ‘किती छान बोलता तुम्ही चिनी!’ अशी दाद मिळते. तिला ‘ना-ली, ना-ली’, म्हणजे ‘छे, कुठले काय’, असे संकोचाचे उत्तर देण्याची जुनी रीत आहे, आणि आता सरळ ‘श्ये-श्ये’ म्हटलेलेही चालते. मुलीचे हसणे निराळे. ती नऊ वर्षांची आहे, आणि घरात एकच विषय असा आहे की ज्यात आईपेक्षा तिला अधिक येते. तिला तो मान मोकळेपणाने द्या. रोज रात्री दहा मिनिटे ती शिक्षिका आणि तुम्ही विद्यार्थिनी, आणि एका वेळी एकच वाक्य. परंतु बाजारात, दवाखान्यात, शाळेच्या कार्यालयात तिला दुभाषी म्हणून उभे करू नका. मुलांवर त्याचे ओझे पडते, मोठ्यांच्या अडचणी त्यांना वयाआधी कळू लागतात, आणि तुमचे बोलणे मात्र आहे तिथेच राहते.

आता ‘परीक्षेइतके शिकावे की सोडून द्यावे’ याविषयी. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी अनेक वर्षे १५० शब्दांची होती, आणि ती उत्तीर्ण होऊनही लिफ्टमध्ये गप्प राहणारे लोक मला माहीत आहेत. तुम्हाला परीक्षेची ओढ असेल, पुढे भाषांतराचे किंवा नोकरीचे काही मनात असेल, तर जरूर वर्ग लावा. लिपी शिकल्याने फलक, औषधाची पाकिटे, शाळेच्या सूचना उघड होतात आणि तो आनंद फार मोठा असतो. पण तुमच्या पत्रात ती ओढ मला दिसली नाही. दिसला तो एकटेपणा. त्यासाठी माझ्या मते आठवड्यातून दोनदा एक तास, तुमच्याच वसाहतीत राहणारी एखादी शिक्षिका किंवा विद्यापीठातली विद्यार्थिनी, आणि पुस्तकाऐवजी तुमच्या दिवसात घडलेली वाक्ये, एवढे पुरे. आज कोण भेटले, काय म्हणाले, मी गप्प का राहिले, हे तिला सांगा आणि तेवढेच तिच्याकडून शिका. वीचॅटवर आवाजी निरोप पाठवता येतात. तिच्या आवाजातले वाक्य दहा वेळा ऐका आणि आपले वाक्य तिला पाठवा. लेखी निरोप बोटाने दाबून धरला की त्याचे भाषांतरही मिळते, तेव्हा शेजारच्या बाईंशीही वीचॅट जोडून घेण्यास हरकत नाही. ॲप सोडू नका, पण त्याला शब्दांची उजळणी करण्यापुरतेच ठेवा. ज्यांना शिक्षिकेचा खर्च परवडत नाही त्यांनी भाजीवाली निवडावी : रोज एकाच वेळी, एकाच दुकानी जावे, आणि रोज एक वाक्य अधिक बोलावे.

कधीतरी पगार किती, भाडे किती, दुसरे मूल का नाही, असे प्रश्नही येतील. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातही ते येतात. ‘हाय ख-ई’, म्हणजे ‘ठीकच आहे’, म्हणून हसावे. तुम्हाला सांगायचे नाही हे समोरच्याला कळते. ‘कुठल्या तुम्ही?’ असे विचारले तर ‘इन-तू’, म्हणजे भारत, एवढ्यावर न थांबता एक नाव सांगून पाहा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धकाळात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना ‘ख ती-ह्वा’ या नावाने ओळखतात आणि थोरल्या पिढीतील अनेकांच्या ते स्मरणात आहेत. ‘मी ख ती-ह्वांची लाउ-श्याङ’, म्हणजे त्यांच्या मुलखातली, असे सांगता आले तर संभाषण कुठवर जाईल ते मी आत्ताच सांगू शकत नाही, पण लिफ्टपुरते ते राहणार नाही हे खात्रीने सांगते.

सुझौचे वृद्ध लोक आपसात सुझौची बोली बोलतात आणि ती तुम्ही शिकत असलेल्या प्रमाण चिनीहून फार वेगळी आहे. त्यामुळे बाईंचे एखादे वाक्य मुलीलाही कळले नाही, तर त्यात नवल मानू नका. ‘नीन षुओ मान ई-त्येन’, म्हणजे ‘जरा सावकाश बोला’, असे म्हटले की त्या प्रमाण भाषेवर येतील.

उद्या सकाळी त्यांनी लिफ्टचे दार धरले की आधी एक गोष्ट विचारून घ्या, जी गेल्या आठ महिन्यांत राहून गेली आहे : ‘नीन क्वेइ शिङ?’ म्हणजे ‘आपले आडनाव काय?’ त्या ‘वो शिङ’ म्हणून पुढे एक आडनाव सांगतील. समजा ते ‘वू’ असले, तर परवा सकाळी ‘नी हाउ’ न म्हणता, दारात त्या दिसताच, त्यांच्याआधी तुम्ही म्हणा : ‘वू आ-यी, चाउ!’